आमची वाटचाल : नावं कमी, बातमी जास्त

सोलापुरात जनसंपर्काचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे बातमी लावून देता ना?" नाही. बातमी लावायची की नाही हे संपादक ठरवतो. आम्ही प्रेसनोट लिहितो, वेळेत पोचवतो आणि वर्तमानपत्राच्या डेस्कवरून, म्हणजे बातम्या तपासून पानात लावणाऱ्या उपसंपादकांकडून, फोन आला तर तिच्यातल्या प्रत्येक ओळीचं उत्तर देतो. बिल एवढ्याचंच. "लागली तर पैसे, नाही लागली तर नाही" हा व्यवहार पहिल्यापासून ठेवला नाही. त्यापायी बरीच गिऱ्हाईकं जिन्यातूनच परत गेली, जाऊ दिली.

सुरुवात नवी पेठेतल्या डीटीपीच्या गाळ्यात झाली. सोलापूर विद्यापीठ झालं त्या सुमाराची, 2004 च्या आगेमागेची गोष्ट. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल आणि मंडळांची हाताने लिहिलेली पत्रकं टाइप करून द्यायची. पत्रकाची प्रिंट आणि फोटो पाकिटात घालून धाकटा भाऊ संचार, तरुण भारत, सुराज्य अशा कचेऱ्यांत देऊन यायचा. उपसंपादक त्यातलं निम्मं लाल पेनानं उडवायचे. भाऊ ते उडवलेले कागद मागून आणायचा. आमचा अभ्यासक्रम म्हणाल तर तो तेवढाच.

त्या कागदांवर काय उडालेलं असायचं? "सुप्रसिद्ध", "मोठ्या उत्साहात संपन्न", "शुभहस्ते", शाल-श्रीफळ, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, आणि "यावेळी उपस्थित होते" च्या पुढची नावांची माळ. गिऱ्हाईकाचा जीव नेमका त्या माळेत असतो. त्यामुळे आम्ही दोन कागद करायला लागलो. एक वर्तमानपत्राला, दुसरा सगळ्या नावांसकट त्यांच्या ऑफिसात फ्रेम करायला. हसू येईल, पण या दुसऱ्या कागदानं आमचे निम्मे वाद मिटवले. तरी एका कारखानदार अण्णांनी ऐकवलंच, "आमच्या साडूचं नाव उडवलंत की ओ तुम्ही!"

याच अण्णांची प्रेसनोट नव्या मुलांना शिकवताना आजही पुढे ठेवतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांनी गणवेश शिवायचा नवा विभाग काढला. त्यांच्याकडून आलेला मजकूर असा होता : "येथील सुप्रसिद्ध उद्योजकांच्या नूतन विभागाचे उद्घाटन मान्यवरांच्या शुभहस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झाले." पुढे दीड पान भाषणं. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होतं, विडी कामगार महिलांना शिलाईचं प्रशिक्षण देण्याचा मानस आहे. बातमी तिथं होती. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातल्या एखादीला शिलाई यंत्रावर बसायचं असेल तर तिला काय कळायला हवं, एवढंच आम्ही अण्णांना विचारत बसलो. किती जणी घेणार? किती महिने? शिकताना हातात काही पडणार का? शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या बाईला तिच्या भाषेत सांगणारं कोणी आहे का? "मानस" आहे की तारीख ठरलीय? अण्णा आधी वैतागले, मग मुनीमजींना बोलावून त्यांनी तारीख ठरवून टाकली. नोट निघाली ती अशी : "विडी कामगार महिलांना शिलाईचे मोफत प्रशिक्षण, शिकताना विद्यावेतन." उद्घाटन तिसऱ्या परिच्छेदात गेलं, साडू गळाले. बातमी लागली, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर बायका पेपरचं कात्रण घेऊन उभ्या.

मग पाकिटांच्या जागी ईमेल आला आणि फॉन्टची कटकट मागे लागली. आम्ही एका फॉन्टात टाइप करायचो, डेस्कवर दुसरा. फाइल उघडली की नुसत्या खुणा. सगळं युनिकोडमध्ये करून वाटलं सुटलो, तर वर्तमानपत्राचं पान श्री-लिपी या युनिकोड नसलेल्या फॉन्टात लागायचं आणि कन्व्हर्ट करताना "व्यापाऱ्यांनी" अशा जागी अक्षरं फुटायची. म्हणून आजही नोट तीन रूपांत जाते : ईमेलच्या अंगातच मजकूर, सोबत वर्ड फाइल, आणि फोटो वेगळा, मूळ आकारात. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता टाकलेला फोटो दाबला जातो, छापायला उपयोगाचा राहत नाही. फोटोओळ डावीकडून नावं लावून पाठवायची. ती नसली तर डेस्कवरचा माणूस फोटोच बाजूला ठेवतो, आणि त्याचं बरोबर असतं.

वेळेचं गणित कुठल्या पुस्तकात मिळत नाही. तालुक्याची पानं छापायला आधी सुटतात, शहराची उशिरा. बार्शीच्या कार्यक्रमाची नोट रात्री आठला पाठवून उपयोग नाही. आषाढीला जिल्ह्याची पानं पंढरपूरनं भरतात, संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनं. यात्रेचे नंदीध्वज मिरवणुकीनं निघालेले असताना शोरूमची बातमी कोण वाचणार? त्याच आठवड्यात 12 जानेवारी येते, 1931 साली सोलापूरच्या चार हुतात्म्यांना इंग्रजांनी फाशी दिली तो दिवस. त्या दिवशी शहरात "भव्य सेल" ची नोट काढायला आम्ही सरळ नाही म्हणतो. 6 जानेवारीच्या पत्रकार दिनाला भेटवस्तू वाटायचा आग्रहही असतो. सोलापूरची भेटवस्तू म्हणजे चादर नाहीतर टॉवेल. इथल्या पत्रकारांच्या घरी टॉवेलची कमी नाही, तेव्हा तो खर्च वाचवा असंच सांगतो.

डॉक्टर मंडळींचं काम सगळ्यात नाजूक. इथं विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवकडून पेशंट येतात, हॉस्पिटलं भरपूर, चुरसही तशीच. पण डॉक्टरांना जाहिरात करायला मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेनं मनाई केलेली आहे. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही काळ रजेवर आहे, परत रुजू झालो, फी इतकी आहे, अशा मोजक्याच गोष्टी वर्तमानपत्रात जाहीर करता येतात. "जिल्ह्यात प्रथमच", "शंभर टक्के यशस्वी" हे शब्द आमच्याकडे आले की तिथंच थांबतात. पेशंटचा फोटो त्याच्या संमतीशिवाय नाही. त्याऐवजी उन्हाळ्यात उष्माघातापासून कसं जपावं असा मजकूर त्याच डॉक्टरांकडून घेतो. सोलापूरच्या मे महिन्यात तो वाचला जातो आणि कुठला नियमही मोडत नाही.

आमचा खरा कस मात्र लागला तो आगीच्या रात्री. एका टॉवेल कारखान्यात सुताच्या गोदामाला आग लागली. मालकांचं म्हणणं, कोणाशी काही बोलायचं नाही. तेव्हा मी त्यांना आयव्ही ली या जनसंपर्काच्या धंद्यातल्या जुन्या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगितली. 28 ऑक्टोबर 1906 ला अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात पडले, पन्नासहून अधिक माणसं गेली. लपवाछपवी करण्याऐवजी लीनं रेल्वे कंपनीतर्फे घडलेल्या घटनेचं निवेदन काढून पत्रकारांना दिलं. पहिली प्रेसनोट म्हणून त्याचंच नाव घेतात. मालक गोष्टीनं फारसे हलले नाहीत. "तुम्ही नाही बोललात तर शेजारचा पानवाला बोलेल" म्हटल्यावर हलले.

नोट पाच ओळींची झाली. आग किती वाजता लागली, कुठल्या भागात, पाळीवरचे सगळे कामगार हजेरीपटाप्रमाणे बाहेर आहेत, अग्निशामक दलाचं काम चालू आहे, पुढची माहिती सकाळी दहाला. कारण लिहिलं नाही. मालक "शॉर्टसर्किट लिहा की" म्हणत होते. आपल्याकडे आग विझायच्या आधी शॉर्टसर्किट छापून येतं. तपास व्हायचा होता, विमा कंपनीचा माणूस यायचा होता, अंदाज कशाला लिहायचा? नुकसानीचा आकडाही गाळला. सकाळी दहाला दुसरी नोट गेली, कारण तशी वेळ दिली होती.

आता गाळा सोडून होटगी रोडला छोटं ऑफिस केलंय. भाऊ फोटो आणि पाठवणी बघतो, बायको मुद्रितशोधन करते आणि माझ्याही वाक्यांना कात्री लावते. निवडणुकीत उमेदवारांची कामं घेत नाही. पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीच्या वेशात गेला की आमच्या बाकीच्या नोटाही संशयात येतात. जाहिरात हवी असेल तर जाहिरात विभागाचा रस्ता दाखवतो. नोट हवी असेल तर मजकूर आदल्या दिवशी द्यावा, नावं शेवटी लिहून आणावीत. रविवारी ऑफिस बंद असतं. आग किंवा अपघात असेल तर कधीही फोन करा.