जाळे टाकणारी आणि अडकलेला

सप्टेंबर २०२० मध्ये कोल्हापुरात करोनाचे रुग्ण झपाट्याने वाढत होते, तरी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी दिवसभर चालणाऱ्या टीव्हीवर चर्चा एकाच मुलीची होती. शेजारच्या काकू अंतर ठेवून उंबऱ्यातच बसत आणि थोड्या थोड्या वेळाने म्हणत, "तिनंच नादाला लावलं बघ पोराला." अभिनेता सुशांतसिंह राजपूत १४ जूनला गेला, तेव्हा काकूंना त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिचे नावही ठाऊक नव्हते.

मी मराठी व्याकरण शिकवते. त्यामुळेच असेल, पण मला त्या बातम्यांतली क्रियापदे खटकू लागली. तिने जाळ्यात ओढले, तिने घरच्यांपासून तोडले, तिने पैसे उडवले, इतकेच काय, तिने काळी जादू केली. आणि तो? तो भुलला, अडकला, नादी लागला. (व्याकरणाने ‘तो’ इथेही कर्ताच आहे, पण अकर्मक क्रियापदाचा, त्याच्या हातून कोणाचे काही होत नाही.) चौतीस वर्षांचा, स्वतःच्या हिमतीवर नाव कमावलेला माणूस त्याच्याहून सहा वर्षांनी लहान मुलीच्या हातातले बाहुले ठरला. यात त्याचाही अपमान होता, हे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि त्याच्या मानसिक आजाराबद्दल जे गांभीर्याने बोलायला हवे होते ते या गदारोळात राहूनच गेले.

पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२१ रोजी, शाहरुख खानचा मुलगा आर्यन खान याला, रियाला अटक करणाऱ्या त्याच अमली पदार्थविरोधी विभागाने अटक केली. त्याचेही हाल झालेच, आणि मे २०२२ मध्ये त्याच्यावर आरोपपत्रच ठेवले गेले नाही. पण तेविसाव्या वर्षी तो आमच्या पेठेत ‘लेकरू’ होता, आणि दोष द्यायला पुन्हा एक बाईच सापडली होती: "आईचं लक्ष नसंल."

हे वाहिन्यांनी शिकवले असे म्हणणे सोपे आहे, पण आपल्या गावाची आठवण त्याहून जुनी आहे. प्रतिष्ठित घरातल्या दुर्गा खोटे १९३१ साली पहिल्यांदा पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांच्यावर आणि त्यांच्या घराण्यावर टीकेची झोड उठली. पुढच्याच वर्षी त्या इथे कोल्हापुरात, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पतिव्रतेची भूमिका मिळाली म्हणून सुटल्या, असे मला नेहमी वाटते.

रियाला २०२० च्या ७ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला, तोवर ती जवळजवळ महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात होती. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने वाहिन्यांना बजावले की आरोपीच्या चारित्र्याची चर्चा करून पूर्वग्रह निर्माण करू नये आणि आत्महत्या केलेल्या व्यक्तीला दुबळ्या मनाची ठरवू नये. त्या निकालावर आमच्या उंबऱ्यात एकही शब्द बोलला गेला नाही.

मार्च २०२५ मध्ये सीबीआयने सुशांतच्या मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला, त्या दिवशी मी मुद्दाम काकूंकडे जाऊन बातमी वाचून दाखवली. त्या भाजी निवडत होत्या. "सुटली व्हय? बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, आणि मेथीची जुडी बाजूला सारून त्यांनी विचारले, "लग्न झालं का गं तिचं?"