ल्हासा ते सम्ये : त्रिसोंग देचेनचा शिलालेख पाहायला जाणाऱ्यांसाठी

ल्हासाचा दौरा आखताना बहुतेक जण पोताला राजवाड्याला अख्खा दिवस देतात आणि सम्ये, म्हणजे तिबेटी राजा त्रिसोंग देचेनने आठव्या शतकात उभारलेला बौद्ध मठ, ‘वेळ उरला तर बघू’ म्हणून ठेवतात. मग ते हमखास राहतं. सम्ये शान्नान भागात येतं. तिबेट परमिटशिवाय त्यासाठी आणखी एक परवाना लागतो. तो एजन्सीच काढते, आणि मूळ कार्यक्रमात नाव नसेल तर ऐनवेळी घुसवता येत नाही. त्यामुळे बुकिंगच्या वेळीच सम्ये आणि त्याच भागातलं मुक्कामाचं शहर त्सेतांग ही नावं लिहून घ्या. मार्चमध्ये तिबेट परदेशी प्रवाशांना सहसा बंद असतं.

ल्हासा ३६५० मीटरवर आहे, सम्ये त्याहून थोडं खाली. पहिले दोन दिवस ल्हासातच रमतगमत काढलेत तर पुढे फारसा त्रास होत नाही.

त्या दोन दिवसांत जोखांग नीट पाहा. हे राजा सोंगत्सेन गाम्पोच्या काळातलं, सातव्या शतकातलं मंदिर. मधे चौक आणि भोवती लहान खोल्या, हा जुन्या भागाचा आराखडा अजिंठ्याचे विहार पाहिलेल्यांना लगेच ओळखू येईल. बाहेर भिंतीआड राजा राल्पाचेनच्या काळातला ८२३ चा चीन-तिबेट तहाचा स्तंभ आहे. शेजारच्या खड्डेच खड्डे पडलेल्या शिळेलाच लोक तहाचा दगड समजतात. ती १७९४ ची, देवीच्या साथीबद्दलची. तहात साक्षीला त्रिरत्नं (बुद्ध, धर्म, संघ) आहेत, सूर्य-चंद्र आहेत, आणि शपथेसाठी पशुबळीही दिलेला आहे. बौद्ध धर्माला राजाश्रय मिळाला म्हणून जुने विधी एका रात्रीत सुटले नव्हते.

सम्येला पोचल्यावर थेट उत्सेत, म्हणजे मुख्य मंदिरात, शिरू नका. पूर्वेच्या दारापाशी डाव्या हाताला जो दगडी स्तंभ आहे, तिथे आधी थांबा. वरचे मजले, चार रंगांचे स्तूप, बरीचशी चित्रं नंतरच्या दुरुस्तीतली आहेत. हा स्तंभ मात्र आठव्या शतकातला. मजकूर अवघ्या वीसेक ओळींचा : ल्हासा आणि द्रागमार (म्हणजे सम्येचा परिसर) इथली त्रिरत्नांची मंदिरं मोडायची नाहीत, त्यांची तरतूद कमी करायची नाही, आणि पुढच्या प्रत्येक पिढीतल्या राजाने हीच शपथ घ्यायची. एवढी कडक भाषा का, तर त्रिसोंग देचेन लहान असताना विरोधी मंत्र्यांनी बौद्ध धर्मावर बंदी आणली होती. म्हणूनच त्याने मंत्र्यांकडूनही शपथ घेतली. गाइडला हा मजकूर आधीच काढून ठेवायला सांगा, नाहीतर सगळा वेळ तांत्रिक गुरू पद्मसंभवांच्या चमत्कारकथांत जातो आणि ज्यांनी इथे पहिल्या सात तिबेटी भिक्षूंना दीक्षा दिली ते भारतीय आचार्य शांतरक्षित राहूनच जातात.

दारातल्या छताकडेही मान वर करून पाहा. तिथली घंटा त्रिसोंग देचेनची राणी ग्यालमोत्सेन हिने दिलेली आहे आणि तिच्यावर तसा लेख कोरलेला आहे.

प्रदक्षिणा मंदिर उजव्या हाताला ठेवून. आत फोटोचे पैसे वेगळे पडतात, आधी विचारून घ्या. गर्भगृहात अंधार असतो. टॉर्च न्या, पण चित्रांवर फार वेळ धरू नका. वारा वाढायच्या आत सकाळीच हेपोरी टेकडी चढा. गोल तट आणि मधलं उत्से अशी मंडलाची सगळी रचना तिथूनच एका नजरेत दिसते. मुक्कामाला त्सेतांग सोयीचं. दुसऱ्या दिवशी तिथून चोंग्येची राजसमाधिस्थळं होतात.