घाटात आटलेला डोस

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाला, त्याच्या आधीची गोष्ट. नाशिकला पेट स्कॅन विभागात मी टेक्निशियन. आमचं औषध, एफडीजी म्हणजे किरणोत्सारी साखर, पहाटे मुंबईहून गाडीने यायचं. त्या दिवशी कसारा घाटात कंटेनर आडवा झाला. सातला येणारी गाडी पावणेअकराला दारात लागली.

बाहेर पाच पेशंट उपाशी. त्यातले निफाडचे एक बाबा, द्राक्षबागायतदार, अडूनच बसले. "डबा शिशाचा, झाकण घट्ट, मग माल कमी कसा होतो हो? बर्फात घालून आणायचा ना! आमची द्राक्षं प्री-कूलिंग करून थेट युरोपला जातात."

प्रश्न चोख होता. द्राक्ष नासतं ते त्याच्या आतल्या रासायनिक क्रियांमुळे. अणूंमधली इलेक्ट्रॉनांची देवघेव हा सगळा विद्युतचुंबकीय बलाचा कारभार, तो थंडीत मंदावतो. आमच्या औषधातलं फ्लोरिन-१८ मात्र केंद्रकातच बदलतं. तिथे नऊ प्रोटॉन, नऊ न्यूट्रॉन प्रबल बलाने घट्ट बांधलेले. त्यातल्या एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, पॉझिट्रॉन आणि न्यूट्रिनो हे दोन हलके कण बाहेर पडतात, मागे उरतो ऑक्सिजन. प्रोटॉनचा न्यूट्रॉन करणं एकट्या क्षीण बलाला जमतं. त्याला बर्फ कळत नाही. दर ११० मिनिटांनी माल निम्मा.

नाव क्षीण, कारण ते वाहणारा डब्ल्यू कण हायड्रोजनच्या अणूहून ८५ पट जड, त्यामुळे त्याचा हात फार आखूड. प्रकाशकणाला वस्तुमानच नाही, म्हणून विद्युतचुंबकीय बल लांब पोचतं. पण मुळाशी दोन्ही एकच, या सिद्धांताला १९७९ चं नोबेल मिळालं: ग्लॅशो, सलाम, वाइनबर्ग. म्हणजे बाबांच्या द्राक्षांचं नासणं आणि माझ्या डोसचं आटणं, चुलत भावंडंच म्हणायची!

हे सगळं मी बाबांना थोडंच सांगितलं? म्हटलं, "बाबा, हे फळ आतून पिकतं. शीतगृहाला जुमानत नाही."

सातला ८० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) मिळायला हवे होते. कुपी कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे डोस मोजायच्या यंत्रात, सोडली, आकडा स्थिरावला: १९.४. जेमतेम दोघांपुरतं. कोण दोघं, ते डॉक्टरांनी ठरवलं. बाबा त्यांत नव्हते.

मी परवाची तारीख लिहून दिली. त्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला.

"मग आता चहा चालेल ना? साखरेचा?"