घरात झोप कुणाची नीट होते?

काउन्सेलर मॅडमनी हे विचारलं आणि आम्ही चौघं नुसते एकमेकांकडे बघत बसलो.

गेलो होतो लेकासाठी. दहावीत आहे, महिनाभर धड बोलत नाही, ताटात अर्धं जेवण तसंच. मला वाटलं त्याला एकट्याला आत घेतील, समजावतील. पण मॅडमनी सासूबाईंसकट सगळ्यांना बसवलं आणि मार्कांचा विषयच नाही, रात्री किती वाजता जेवता, एकत्र बसता का, ह्यांची नाइट शिफ्ट कधीपासून, माझं थायरॉइड शेवटचं कधी तपासलं, असलंच सगळं.

मग लेक हळूच म्हणाला, "आई रात्री दोनला किचनमध्ये लाइट न लावता बसते."

माझे बाबा गेल्यापासून बसते मी. कुणाला कळत नाही असंच वाटायचं. आणि हा आतल्या खोलीत जागा असायचा, रोज.

पोराला एकट्याला 'दुरुस्त' करायला नेतो ना आपण, तिथेच चुकतं, आज फार जाणवलं. कुणाला जायला जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात, घरच्यांसाठी आपणही फोन करू शकतो.

तुमच्या घरात कोण कोण जागं असतं?