हो, सीट विकत घेतली होती

कार्टिंग ट्रॅकवर मुलांना शिकवायला लागल्यापासून महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कधी पालक विचारतात, कधी रविवारी रेस बघायला जमलेले मित्र. अब्जाधीश बापाचा मुलगा असलेला फॉर्म्युला वन ड्रायव्हर लान्स स्ट्रोल टीव्हीवर दिसला की हमखास. "पैसे भरून टीममधली सीट घेणाऱ्यांना ड्रायव्हर का म्हणायचं? आणि तुम्हीही वडिलांच्या पैशावरच गेला होतात ना?" आजवर पहिल्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर देऊन मी दुसरा टाळत आलो. आज दोन्हींचं देतो.

हो, वडिलांच्या पैशावर गेलो होतो. 2006 साली, इंग्लंडमध्ये, फॉर्म्युला रेनोच्या एका टीममध्ये. फॉर्म्युला वनच्या तीन पायऱ्या खाली. त्या एका हंगामाचा खर्च एक लाख पौंडांच्या वर होता. आबांची शिरोलीला फाउंड्री होती आणि हायवेलगत जमीन. फाउंड्री राहिली, जमीन गेली.

तरीही 'पैसेवाला ड्रायव्हर' हे शब्द शिवीसारखे वापरलेले ऐकले की मला राग येतो. निकी लाउडाने मार्च टीममधली जागा बँकेच्या कर्जावर मिळवली, तारण म्हणून स्वतःचा आयुर्विमा ठेवला. पुढे तो तीनदा जगज्जेता झाला. 1991 मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर मायकल शूमाकर जॉर्डन टीमच्या गाडीत बसला, कारण नेहमीचा ड्रायव्हर तुरुंगात होता आणि त्या एका रेससाठी मर्सिडीजने पैसे मोजले होते. पास्तोर माल्दोनादोच्या पाठीशी व्हेनेझुएलाची सरकारी तेल कंपनी होती. त्याच माल्दोनादोने 2012 मध्ये बार्सिलोनाला अलोन्सोला मागे ठेवून रेस जिंकली. त्याच्या विल्यम्स टीमचा 2004 नंतरचा तो पहिला विजय. आपल्या नारायण कार्तिकेयनच्या जॉर्डनवर 2005 मध्ये टाटांचं नाव होतं. 1996 मध्ये फॉर्म्युला एशिया जिंकलेल्या माणसाला केवळ पैशावर गेला म्हणायचं का?

ही यादी मी विशीत तोंडपाठ केली होती. कोणी डिवचलं की धडाधड म्हणून दाखवायचो. आता पहिल्याच नावाला अडखळतो. कर्जाच्या कागदावर लाउडाची स्वतःची सही होती. हरला असता तर हप्ते त्यालाच फेडायचे होते. माझी कशावरच सही नव्हती. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आबा सह्या करत होते तेव्हा मी बाहेर गाडीत बसून होतो. आत जाण्याचा धीर झाला नाही. पण मग शूमाकरने तरी कुठे सही केली होती? इथवर आलो की माझं मलाच उत्तर सापडत नाही, म्हणून जे घडलं ते सांगतो.

फेब्रुवारीत नॉरफकमधल्या स्नेटरटनला दोन दिवसांची टेस्ट होती. सीट एक, आम्ही दोघं. दुसरा मुलगा उत्तर इंग्लंडचा, माझ्याहून वर्षाने लहान, आदल्या वर्षी त्याच टीममध्ये होता. त्याचे वडील ट्रक दुरुस्त करायचे. गाडी तीच, टायर त्याच जातीचे. संध्याकाळी इंजिनिअरने दोघांच्या सर्वांत वेगवान लॅपचे आलेख एकावर एक छापून दिले. निळी रेघ त्याची, लाल माझी. बाकी ट्रॅकभर रेघा जवळजवळ एक होत्या. पण बॉम्ब होल या वळणानंतर कोरम नावाचं लांबलचक उजवं वळण लागतं, तिथे माझी लाल रेघ खाली यायची. म्हणजे माझा पाय थ्रॉटलवरून, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून, उचलला जायचा, त्याचा नाही. एका लॅपला चार दशांश सेकंद. बाहेरच्या माणसाला हे काहीच वाटणार नाही. रेसिंगमध्ये तेवढ्यात ग्रिडच्या, म्हणजे रेस सुरू होताना उभ्या गाड्यांच्या, तीन रांगा बसतात.

दुसऱ्या दिवशी टीम मॅनेजर आबांसमोर बसला. लॅपच्या वेळेचा विषय त्याने काढलाच नाही. पहिला हप्ता कधी येईल, एवढंच विचारलं. आबांना तेवढं इंग्रजी कळत होतं. ते "मंडे" म्हणाले.

त्या सोमवारनंतर वर्कशॉपमध्ये माझी सीट ओतायचं काम निघालं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कॉकपिटमध्ये प्लास्टिकची मोठी पिशवी ठेवतात, त्यात दोन रसायनं मिसळून ओततात आणि ड्रायव्हरला वर बसवतात. फेस फुगत जातो, गरम लागतो, पाठीचा आणि कमरेचा ठसा घेत हळूहळू कडक होतो. तोवर हलायचं नाही. हललात की सीट बिघडली.

मी तसा बसलेलो असताना तो दुसरा मुलगा आला. त्याची जुनी सीट कोपऱ्यात उभी होती, काळ्या टेपने गुंडाळलेली, खांद्याजवळ घासून पांढरी पडलेली. ती न्यायला आला होता. मेकॅनिक एकदम कामात गढले. कोणी त्याच्याकडे बघेना. मला उठता येत नव्हतं, आणि मान वळवायचीही भीती वाटत होती. तो गाडीजवळ येऊन थांबला. मला वाटलं, काहीतरी लागेल असं बोलणार. बोलावं असंच वाटत होतं, म्हणजे फिटलं असतं. तो म्हणाला, "कोरमला पाय उचलू नकोस. घसरतेय असं वाटतं, पण गाडी धरते." मग ती सीट काखेत मारून बाहेर गेला. दारात व्हॅन उभी होती, वडील आत बसून होते. त्याच्या पाठीच्या मापाची ती वस्तू दुसऱ्या कोणाच्या कामाची नव्हती, आणि गाडी नसताना त्याच्याही नव्हती.

मी त्याला साधं थँक यू म्हणालो नाही. फेस अजून ओला होता.

कोरमला पाय न उचलता जायला मला जुलै उजाडला. हंगामातला सर्वोत्तम निकाल सहावा. मी मंद नव्हतो, हे मी आजही मान वर करून सांगेन. श्रीपेरुंबुदूर आणि कोइम्बतूरला जिंकलेल्या रेस कोणी दिलेल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी माझ्याहून मोठी रक्कम आणणारा आला आणि माझं काम फोनवर दोन मिनिटांत आटोपलं. तेव्हा अन्याय झाला म्हणून मी रात्रभर रडलो. त्या रात्री मला तो मुलगा आठवला नाही. हे लिहिताना ते फार टोचतंय.

आता स्ट्रोलचं. 2017 मध्ये बाकूला तो अठराव्या वर्षी तिसरा आला, 2020 मध्ये इस्तंबूलच्या ओल्या ट्रॅकवर त्याने पोल, म्हणजे ग्रिडवरची सर्वांत पुढची जागा, घेतली. ओल्या ट्रॅकला बापाची श्रीमंती कळत नाही. पण 2018 मध्ये वडिलांच्या गटाने फोर्स इंडिया ही टीम विकत घेतली आणि 2019 ला त्या गाडीत मुलगा बसला, तेव्हा जागा कोणाची गेली? एस्तेबान ओकाँची. त्याच्या आईवडिलांनी मुलाच्या रेसिंगसाठी घर विकलं होतं आणि कॅराव्हॅनमध्ये राहून गावोगावच्या ट्रॅकवर फिरले होते. तो वर्षभर गाडीविना राहिला.

ओकाँच्या आईवडिलांनी घर विकलं तर त्याला आपण त्याग म्हणतो. आबांनी जमीन विकली तर ते सीट विकत घेणं ठरतं. हा भेद कोणी केला? वर्षानुवर्षं मी हेच विचारत आलो आणि समोरचे गप्प बसायचे. पण निळी रेघ मला ठाऊक होती, त्यांना नव्हती.

नियमांनी हे सुटेल असं म्हणणारेही भेटतात. 2016 पासून सुपर लायसन्सला, म्हणजे फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्याला, तीन वर्षांत 40 गुण लागतात, त्यामुळे अगदीच कच्चा ड्रायव्हर आता फॉर्म्युला वनमध्ये घुसू शकत नाही, हे खरं. पण ते गुण ज्या फॉर्म्युला टू आणि थ्रीमध्ये मिळवायचे, तिथल्या बहुतेक सीटांनाही पैसे मोजावे लागतात. चाळणी लागली, पण चाळणीपर्यंत पोचायचं भाडं तसंच राहिलं.

तो मुलगा तरी वर गेला असता का, कोण जाणे. पुढचा हंगाम त्याला कोण देणार होतं? मी बाजूला झालो असतो तर मॅनेजरने तिसरा चेक शोधला असता, असं मी स्वतःला सांगत आलो. ते बहुधा खरंही आहे. त्याने माझं समाधान मात्र कधी झालेलं नाही.

आबांना हीथ्रोवर सोडायला गेलो तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "त्या पोरापेक्षा तूच जोरात हुतास न्हवं?" आलेखाचा तो कागद माझ्या बॅगेत घडी घालून ठेवलेला होता. मी "होय आबा" म्हणालो.

आबा आता मोबाइलवर सगळं वाचतात. हेही वाचतील, आणि संध्याकाळी त्यांचा फोन येईल.