लाल विटा

रामबागेत काकांकडे स्पेक्ट्रम होता, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर. संक्रांतीच्या सुटीत मी बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पिवळी भिंत काढली, वर विटांच्या काळ्या रेघा, आणि समोरून लाल पतंग. पतंग सरकला की आसपासच्या रेघाही लाल! “टीव्ही गेला वाटतं,” काकू म्हणाली.

टीव्ही ठणठणीत होता. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, त्यांना ६१४४ बाइट. रंगांना मात्र अवघे ७६८. म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांच्या प्रत्येक घरात दोनच रंग. तिसरा शिरला की आधीच्याला हुसकावणार. १९८२ साली साध्या मॉडेलला १६ केबीच मेमरी. पडद्यावर चित्र काढणाऱ्या यूएलए चिपचा हा चिक्कूपणा मला तरी पटतो. त्याच साली आलेल्या कॉमोडोर ६४ या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या व्हिक-टू चिपमध्ये आठ स्प्राइट होते, म्हणजे मागच्या चित्राला न बिघडवता फिरणारी छोटी चित्रं. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू!

पण कॅसेटवरून चित्र चढताना बघायला आम्ही पोहे हातात धरून बसायचो. आधी रेघा, त्याही वरपासून सरळ नाही, आठ-आठ ओळी सोडून. चाळीसेक सेकंद ती किर्र किर्र. रंग अगदी शेवटी, वरून खाली भराभर. तेवढ्यात काकू म्हणायची, “अरे, शेव घ्या की!”