आत्येच्या ओसरीवरची वंशावळ

बाबांचा तोल पहिल्यांदा गेला तो रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना. मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर दोरीला लागलेली माणसं एका लयीत मागे सरकतात. बाबा त्या लयीतून सुटायला लागले. पाय भलतीकडे पडायचा, खांदा मध्येच उडायचा. लोक म्हणाले, दारू. एका डॉक्टरांनीही तेच धरून गोळ्या दिल्या. आईने रामेश्वराला गाऱ्हाणं घातलं. चार वर्षांनी मुंबईत मेंदूविकारतज्ज्ञांनी रक्ताची तपासणी करायला लावली तेव्हा नाव कळलं: हंटिंग्टन, मेंदूचा आनुवंशिक आजार. आकडा 44.

चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. ती 26 वेळांपर्यंत आली तर काळजी नाही. 40 किंवा त्याहून जास्त असतील तर आजार येतोच, बहुधा तिशी-चाळिशीत. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो वा मुलगी. बाबा गेले तेव्हा मी 34 वर्षांची होते आणि माझी मुलगी सहा वर्षांची.

तपासणी करून घ्यायचं ठरवलं आणि कुडाळहून कोकणकन्या धरली. मला वाटलं होतं, रक्त देऊन दुसऱ्या दिवशी परत. पण समुपदेशक ताईंनी पहिल्या भेटीत सुई काढलीच नाही. निकाल वाईट आला तर पहिला फोन कोणाला कराल, त्या रात्री सोबत कोण असेल, नवऱ्याला काय सांगितलंय, हेच विचारत राहिल्या. मुलीची तपासणी होईल का, या प्रश्नावर त्या ठाम नाही म्हणाल्या. सज्ञान झाल्यावर तिचं तीच ठरवेल. त्या वेळी राग आला, आज त्यांचं पटतं. निघताना त्यांनी एक कोरा कागद दिला आणि वंशावळ काढून आणायला सांगितलं. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आजार असेल तर काळा भरायचा, माणूस गेलं असेल तर तिरपी रेघ.

तो कागद घेऊन मी आत्येच्या ओसरीवर बसले. ती सुरुवातीला बोलेचना. "कित्या व्हया तुका ह्या सगळा? पोरींची लग्ना व्हवची आसत." आमच्या घरात हे असंच दाबलं गेलंय. कोणाला 'वारा लागला', कोणी 'वेडसर' होती, कोणी नुसताच 'रागीट'. संध्याकाळ होत आली तेव्हा तीच आपणहून म्हणाली, "तुझो आजो झुलत चलायचो. लोक म्हणत पिलो हा. थेंब नाय लागलो तोंडाक." मी चौकोन काळा केला. मग आज्याचा भाऊ. "तो दर्यात गेलो तो परत इलोच नाय. तिशी पण नव्हती." तो चौकोन काळा करायचा की नाही, ते आम्हा दोघींनाही कळेना. तिथे मी प्रश्नचिन्ह टाकलं. आत्या त्या चिन्हाकडे बराच वेळ बघत बसली.

ताईंनीच मला नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन संशोधक बाईंविषयी सांगितलं. त्यांच्या आईला हा आजार होता, म्हणजे त्या स्वतःही माझ्यासारख्याच निम्म्या शक्यतेवर उभ्या. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या काठी कोळ्यांच्या वस्त्यांमध्ये त्या वीसहून जास्त वर्षं जात राहिल्या. 18 हजारांहून अधिक माणसांची वंशावळ त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडली. तिथले लोक नमुने द्यायला कचरत होते, तेव्हा वेक्सलर यांच्या दंडावरचा व्रण लोकांना दाखवला गेला: बघा, हिनेही कातडीचा तुकडा दिलाय, हीसुद्धा अशाच घरातली. त्या रक्तातून 1983 मध्ये जनुकाची जागा चौथ्या गुणसूत्रावर सापडली आणि 1993 मध्ये जनुक हाती लागलं. माझी तपासणी होऊ शकली ती त्या होडीवाल्यांच्या रक्तामुळे. 2020 मध्ये वेक्सलर यांनी जाहीर केलं की हा आजार त्यांनाही आहे. हे ऐकल्यावर मी रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडले. ज्यांना कधी बघितलंही नाही, त्या बाई मला घरच्या वाटल्या.

दुसऱ्या खेपेला मेंदूविकारतज्ज्ञांनी बोटं, डोळे, चाल तपासली. मग रक्त घेतलं. पुढचे सहा आठवडे फार वाईट गेले. फळ्यावर लिहिताना खडू निसटला की छातीत धस्स व्हायचं.

निकालाच्या दिवशी ताईंनी पुन्हा विचारलं, पाकीट उघडायचं ना? नको असेल तर आत्ताही नाही म्हणता येईल. मी उघडायला सांगितलं. 17 आणि 22. आई-वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती ठीक. म्हणजे माझ्या मुलीकडेही हा आजार माझ्याकडून जाणार नाही.

आनंद झाला, पण गाडीत बसेपर्यंतच टिकला. धाकटा भाऊ 31 वर्षांचा आहे, बाबांच्याच जागी रापणीला उभा राहतो. त्याला निकाल सांगितला तेव्हा त्याने मला घट्ट धरलं. नंतर कितीतरी दिवस मी त्याच्या बोटांकडे बघत राहायचे. ते त्याला कळलं, आणि त्याने मला शांतपणे ते थांबवायला सांगितलं. मी एकदाच विचारलं, चल का माझ्याबरोबर मुंबईला? त्याने वंशावळीचा कागद मागून घेतला, आपल्या नावाखालचा चौकोन शोधला, त्यावर बोट ठेवलं.

"ताये, माझो सध्या रिकामोच ऱ्हवांदे."